राबाखालचा शेजारी

मित्रांनो, दिवस कलला की ज्या झाडाखालून लोक भरभर निघून जातात आणि मागे वळून पाहत नाहीत, ते झाड मी आहे. मी एक जुनी मैदालकडी. वाणगावहून डोंगराकडे जाणारी पायवाट जिथे भातशेतांच्या बांधावर चढते, तिथे मी उभी आहे. माझ्या शेंड्यावरून पश्चिमेला बोईसरच्या कारखान्यांची धुराडी दिसतात. हवा स्वच्छ असली तर त्यांच्या पलीकडे तारापूरकडच्या समुद्राची बारीक रेघही दिसते. मी आजवर कुणाला दुखवलेलं नाही. तरी लोक मला भितात. हे कसं झालं, ते सांगते.

माझा जन्म पाखराच्या विष्ठेतून झाला. यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या कुळात बहुतेकांचा असाच होतो. पाखरू आमचं काळं, वाटाण्याएवढं फळ गिळतं, उडत जातं आणि बी कुठेतरी टाकून देतं. मला त्याने या बांधावर टाकलं.

आमचं कूळ मोठं आहे. तुमच्या मसाल्याच्या डब्यातली दालचिनी माझी चुलत बहीण. तमालपत्रही आमच्यातलंच. देवापुढे जळतो तो कापूर मुळात आमच्याच एका भावाच्या लाकडातून काढत. मी मात्र कधी स्वयंपाकघरात गेले नाही. माझं काम हाडांचं. माझी साल वाटली की चिकट लगदा होतो. कुणाचा हात मोडला, पाय मुरगळला की त्या लगद्याचा लेप लावून वरून बांबूच्या कामट्या बांधायच्या, अशी इथली रीत होती. त्यासाठी माणसं माझ्याकडे येत.

येत, पण विचारून येत. आदल्या संध्याकाळी घरातलं कुणीतरी मूठभर तांदूळ माझ्या बुंध्याशी ठेवायचं आणि म्हणायचं, "उद्या घेऊ का गं?" दुसऱ्या दिवशी उगवतीच्या बाजूची तळहाताएवढी साल काढायची, जखमेवर शेणमाती लिंपायची आणि ती भरून येईपर्यंत पुन्हा हात लावायचा नाही. माझ्या अंगावर असे बरेच व्रण आहेत. मला त्यांचा अभिमान आहे. प्रत्येक व्रणामागे एक चालता पाय आहे.

त्या काळात मी एकटी नव्हते. बांधाच्या दुसऱ्या कडेला माझ्याच वयाचा माझा शेजारी होता. पानं तशीच, साल तशीच, वासही तोच. उन्हाळ्यात दोघांनाही पिवळसर फुलं येत. मधमाश्या आधी त्याच्याकडे जात, मग माझ्याकडे. पावसाळा सरता सरता माझ्यावर काळ्या फळांचे घोस लागत आणि पाखरांची झुंबड उडे. त्याच्यावर एकही फळ लागत नसे. मित्रांनो, आमच्यात नर वेगळा आणि मादी वेगळी असते. तो नर होता. माझ्या प्रत्येक फळात त्याचा अर्धा वाटा होता. पण हे मी कुणाला सांगणार? झाडाला तोंड नसतं.

आम्ही दोघं ज्या बांधावर होतो, तो आत्मारामचा. आत्माराम साधा, मेहनती माणूस. त्याची बायको मंगळी, आणि चिंतू नावाचा एक लहान मुलगा. एका वर्षी आत्मारामला घराच्या मेढीसाठी, म्हणजे आढं पेलणाऱ्या खांबासाठी, लाकूड हवं होतं. तो बायकोला घेऊन बांधावर आला आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

"ही नको," तो माझ्यावर थाप मारत म्हणाला. "ही फळते. तो बघ, इतकी वर्षं नुसता उभा हाय. भातावर सावली पाडतो आन् एक फळ देत नाय. वांझ हाय तो."

मंगळी म्हणाली, "राहू दे ना. तांदूळ ठेवलं नाय, विचारलं नाय."

"वांझोट्याला काय विचारायचा?" आत्माराम हसला. "तो काय नाय बोलणार हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कुऱ्हाड घातली. तो पडला तेव्हा त्याच्या फांद्या माझ्या फांद्यांत अडकल्या आणि माझ्या दोन-तीन डहाळ्या घेऊनच खाली गेल्या. त्यानंतर मी बराच काळ त्या रिकाम्या आभाळाकडे पाहत होते.

थोड्याच दिवसांत आत्माराम तापाने गेला. पावसाळा होता, ओढ्याला पाणी होतं, वाहन मिळालं नाही. मंगळीने त्याला माझ्याखाली निजवून ओढा उतरण्याची वाट पाहिली. पाणी उतरलं, पण उशिरा.

गावाने लगेच दोन गोष्टींची गाठ मारली. न विचारता झाड तोडलं आणि तोडणारा गेला. मंगळीने भूतबाधा उतरवणाऱ्या भगताला बोलावलं. भगत खोडाच्या थोटकाभोवती फिरला आणि म्हणाला, "यातला गेलेला नाय. खाली बसलाय. दरवर्षी याच्या डोक्यावर राब भाज, नाय तर पोराला मागेल."

राब म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताचं बी पेरण्याआधी त्या जागेवर फांद्या, पाला, शेण, गवत पसरून पेटवतात. माती भाजली की तण मरतं आणि रोप चांगलं येतं. मंगळीचा राब आधी विहिरीजवळ असे. त्या वर्षापासून तिने तो थोटकावर आणला. रोपासाठी नव्हे. पोरासाठी.

आणि आता मी जे सांगते, ते नीट ऐका.

पहिला राब विझला. राख थंड झाली. पाऊस पडला. एका सकाळी मला माझ्या मुळांशी हालचाल जाणवली. त्याची मुळं माझ्या मुळांत गुंतलेली होती, आणि ती पाणी ओढत होती. वर खोड नाही, फांदी नाही, पान नाही आणि खाली कुणीतरी पाणी पितंय. भीती कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. मग राखेतून एक तांबूस कोंब वर आला. मंगळीने तो पाहिला आणि तिच्या हातातली टोपली पडली. भगत खरं बोलला असं तिला वाटलं. खाली कुणीतरी होतंच.

दरवर्षी हेच होत राहिलं. पावसात तो वर येई, हिवाळ्यात बकऱ्या त्याला खुडत, उन्हाळ्यात मंगळी त्याच्यावर राब रची. पेटवताना तिचे ओठ हलत असत. "माझा एकच हाय, त्याला नको मागू," एवढंच ती म्हणे. आग लागली की खालची मुळं आवळत. माझीही आवळत. दर चैत्रात मी एका जिवंत जाळण्याची साक्षीदार होते.

मला फुलं येत राहिली, पण फळ धरेना. पाखरं दोन हंगाम आली, शोधून गेली, मग यायची थांबली. पानांनी भरलेल्या झाडावर पाखरू बसत नाही, हे माणसांनाही दिसलं. "त्याचा भूत हिच्यात शिरला," असं बोललं जाऊ लागलं. तांदूळ ठेवायला येणारी माणसं बंद झाली. मोडल्या हाताला बोईसरच्या दवाखान्यात प्लॅस्टर मिळू लागलं होतं, ते चांगलंच झालं. पण माझी आठवण फक्त भीतीपुरती उरली.

त्या भीतीने एकदा मला वाचवलं, हेही सांगायला हवं. अगरबत्तीच्या काडीवर मसाला चिकटून राहावा म्हणून आमच्या सालीची पूड वापरतात. त्यासाठी कुठलेसे लोक टेम्पो घेऊन डोंगरावर आले. त्यांनी कुणाला विचारलं नाही, की बाजू पाहिली नाही. झाडाभोवती गोल फिरून सगळी साल उतरवली, गोण्या भरल्या. साल गोल काढली की झाडाचं जेवण मुळांपर्यंत पोचत नाही. डोंगरावरची आमची ती झाडं उभ्या उभ्या मेली. काही काळ हिरवी दिसली, मग पानं गेली, मग पांढरे सांगाडे राहिले. वारा सुटला की वरून हाडावर हाड घासल्यासारखा आवाज येई. माझ्यापाशी ते लोक आले, तेव्हा वाटेवरच्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, "तिला हात लावू नका, तिच्यात वस्ती हाय." ते थुंकले आणि पुढे गेले. माझं सगळं गाव मेलं, आणि मी भूत म्हणून जगले.

अशी बरीच वर्षं गेली. चिंतू मोठा झाला, बोईसरच्या एका कारखान्यात कामाला लागला, मोटारसायकलने जाऊ-येऊ लागला. मंगळीचे केस पांढरे झाले.

मग एका हिवाळ्यात वैष्णवी आली. तारापूरकडच्या वाडीवाल्यांची मुलगी. शिकून झाडांवर संशोधन करत होती. आमच्या कुळातल्या उपयोगी झाडांचा जनुकसंच वाचायचा, हे तिचं आणि तिच्या सोबत्यांचं काम. तिने पाठीवरून एक डबा उतरवला. झाकण उघडताच त्यातून पांढरी वाफ बाहेर सांडली. तिने माझी कोवळी पानं खुडली आणि पटकन त्या गार वाफेत टाकली.

मंगळी लांबून बघत होती. तिला राहवेना. "अगो बाय, हा कसला धूर? जाळ नाय आन् धूर हाय?"

"धूर नाही, मावशी. बर्फाहून गार असतं ते. पान आहे तसंच राहावं म्हणून."

"आन् नेऊन काय करशील? भाजी?"

"वाचणार," वैष्णवी हसली. "प्रत्येक पानाच्या आत लिहिलेलं असतं. फक्त चार अक्षरं, पण तीच फिरून फिरून, कोट्यवधी वेळा. साल चिकट का, वास असा का, झाड कुणाचं कोण, सगळं त्यात असतं."

"मला माझा नाव वाचता येत नाय, आन् तू पाला वाचतेस!" मंगळीने कपाळाला हात लावला. "वाच बाई. कुणीतरी वाचा."

पण वैष्णवी राबाच्या जागेकडे वळून त्या तांबूस कोंबाशी वाकली, तशी मंगळी ओरडलीच. "त्याला नको! हात नको लावू त्याला! त्यात तो हाय."

"कोण?"

मंगळीने सगळं सांगितलं. झाड, कुऱ्हाड, ताप, भगत. वैष्णवीने मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी ती म्हणाली, "मावशी, दोन पानं नेऊ द्या. काय निघेल ते तुम्हाला येऊन सांगेन. फोनवर नाही, इथे येऊन."

मंगळीने एक पाऊल मागे घेतलं. मग म्हणाली, "ने. बाटलीत भरून नेलास तरी चालेल. तेवढाच लांब जाईल."

वैष्णवी उन्हाळा लागताना परत आली. मंगळी तेव्हा राबासाठी फांद्यांचे भारे आणत होती. वैष्णवीने तिला माझ्या सावलीत बसवलं.

"मावशी, ही दोन पानं दोन वेगळ्या झाडांची आहेत. ही उभी आहे ती मादी. खाली आहे तो नर. तो वांझ नव्हता. नराला फळ येतच नाही. हिला फळ यायचं ते त्याच्यामुळे. तो तोडला, म्हणून हिचं फळ थांबलं. आणि दुसरं सांगते. आम्ही हा सगळा डोंगर पालथा घातला. दुसरा नर सापडला नाही. हा एकच उरलाय."

"म्हणजे भूत नाय?"

"भुताला पाणी लागत नाही, मावशी. याला लागतं. याची मुळं जिवंत आहेत."

मंगळीने भाऱ्यावरचा हात काढून घेतला. तिच्या तोंडून हळू आवाज आला. "म्हणजे मी जित्याला जाळत होते?"

वैष्णवीने तो भारा उचलून बाजूला ठेवला.

त्या वर्षी मंगळीने राब परत विहिरीजवळ नेला. पटलं म्हणून नव्हे. जित्याला जाळण्याचा धीर झाला नाही म्हणून. भीती होतीच. चिंतू कामावर गेला की तो परतेपर्यंत ती ओट्यावरून वाटेकडे डोळे लावून बसायची. तो घरात शिरला की माझ्या शेजाऱ्याच्या दिशेने बघायची, जणू कुणाशी तरी मोजून व्यवहार चालला आहे. आग थांबल्यावर शेजारी मात्र बकऱ्या खुडत त्याहून जास्त वाढत होता. एकाचे तीन फुटवे झाले. एक माणसाच्या उंचीएवढा झाला. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या पानांच्या बगलेत पिवळसर कळ्या दिसल्या.

आणि त्याच उन्हाळ्यात चिंतूचा अपघात झाला.

बोईसरहून येताना खड्ड्यात चाक गेलं आणि तो फेकला गेला. हात मोडला, डोक्याला टाके पडले. दवाखान्यातून घरी आणल्यावर दुसऱ्या दुपारी मंगळी विळा आणि काडेपेटी घेऊन बांधावर आली. उन्हाने माती पांढरी पडली होती. तिने एका हाताने फुटवा धरला. मधमाश्या त्याच्यावर गुणगुणत होत्या. त्यातली एक त्याचा पराग घेऊन माझ्या फुलावर बसली. इतक्या वर्षांनी. आणि मंगळीचा विळा वर होता.

गळ्यात हात अडकवलेला चिंतू मागून धापा टाकत आला. "आये! काय करतेस?"

"बाजूला हो. मी विसरले म्हणून त्यानं आठवण दिली."

"त्यानं? हा खुंट बोईसरला येऊन मला ढकलून गेला? त्याला रिक्षा कुणी करून दिली?"

"हसू नको, चिंत्या. तुझा बा पण असाच हसला होता."

चिंतूचं हसू गेलं. तो बांधावर बसला. "आये, खड्डा होता. त्या खड्ड्यात माझ्या आधी दोघं पडले."

"खड्डा तुला होता. तुझ्या बाला काय होतं?" मंगळीचा आवाज फाटला. "भूत नाय म्हणता सगळे. ती पोरगी पण म्हणते नाय. मग माझा माणूस कशानं गेला? चांगला धडधाकट माणूस. सकाळी झाड तोडला आन् रातीला फणफणला. सांग ना. कशानं गेला?"

मित्रांनो, तेव्हा मला समजलं की ती इतकी वर्षं कशाला धरून होती. भूत गेलं तर आत्मारामच्या मरणाचा दोष द्यायला कुणीच उरत नव्हतं.

चिंतू खाली मातीकडे बघत होता. "मी लहान होतो," तो म्हणाला. "मला जास्त आठवत नाय. पेज तेवढी आठवते."

"कसली पेज?"

"त्या दिवशीची. बानं त्याची पेज मला दिली. त्याला नको होती. मला दोन वाट्या मिळाल्या म्हणून मी नाचलो. मग तो कुऱ्हाड घेऊन निघाला."

मंगळी वळली. "निघायच्या आधी?"

"आधीच. म्हणाला, तोंड कडू झालाय, तू पी."

विळा खाली आला, पण फुटव्यावर नाही. तो तिच्या हातातून मातीत पडला. ती तिथेच बसली, भाजल्या जागेवर, जिथे ती आजवर कधी टेकली नव्हती. "तोंड कडू झालाय," ती पुन्हा म्हणाली. "तेव्हाच ताप अंगात होता. झाडाच्या आधी होता."

होता. हे मला ठाऊक होतं. पहिला घाव घालण्याआधी आत्माराम क्षणभर माझ्या बुंध्याला टेकला होता. त्याचा तळवा माझ्या सालीवर होता आणि तो तव्यासारखा तापला होता. मी हे कुणाला सांगू शकले नाही. ते शेवटी वाटीभर पेजेने सांगितलं.

मंगळी त्या दुपारी रडली. नवरा गेला तेव्हा ती भ्यायली होती, रडली नव्हती. मी तिथे होते म्हणून सांगते. चिंतू एका हाताने तिची पाठ चोळत राहिला. ऊन उतरल्यावर तिने विळा उचलला, करवंदीच्या काटेरी फांद्या तोडल्या आणि माझ्या शेजाऱ्याभोवती रचल्या. बकऱ्या आत जाणार नाहीत, अशा दाट.

त्या वर्षी पावसाळा सरताना माझ्यावर फळं धरली. थोडीच, एका फांदीवर. एक बुलबुल आला. बराच वेळ मान तिरकी करून बघत राहिला, मग त्याने एक फळ गिळलं आणि डोंगराकडे उडाला. तिकडे ते पांढरे सांगाडे अजून उभे आहेत. बी त्यांच्यात पडलं की खडकावर, मला कळणार नाही.

सगळं बरं झालं, असं मात्र समजू नका. अजूनही चैत्रात कुठे धूर दिसला की माझी मुळं आवळतात, आणि शेजारच्या मुळांतही तीच कळ उठलेली मला जाणवते. मंगळी अजून माझ्याखालून जाताना पदर सावरते. सवय मोडत नाही. कधी ती कुंपणापाशी उभी राहून हळू आवाजात बोलते. कुणाशी, ते मी विचारत नाही. ज्याला इतकी वर्षं जाळलं, त्याला एकदम काय म्हणायचं, हे तिला अजून सापडलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात असं एखादं झाड असेल, ज्याला कुणी वांझ म्हटलं असेल, कुणी भुताचं. असं एखादं माणूसही असेल. त्याच्यावर आग ठेवण्याआधी एकदा खाली वाका. भाजलेल्या मातीत बोट घालून पाहा. खोलवर ओल लागली, तर समजा की आत कुणीतरी अजून पाणी पितंय, आणि मुकाट्याने दोन काटेरी फांद्या शोधायला निघा.